म्हैस थांबवण्याचा आवाज

संध्याकाळचं दूध मोजून झालं
की फॅटचं मशीन धुतो, कॅन झाकतो,
आणि ज्या संगणकावर
शांताबाई बडवाईक चार पॉइंट दोन,
देवचंद नाकाडे तीन पॉइंट एक
(पाणी घालतो, सगळ्यांना ठाऊक आहे)
असं रोज टाइप करतो
त्याच्यावरच लिहायला बसतो
एकशे सोळा लोकांना पत्र,
महिन्यातून दोनदा,
त्यांना माहीत नसलेल्या
आणि माहीत नसल्यानं
ज्यांचं आजवर काही अडलेलं नाही
अशा गोष्टींबद्दल.

लाखांदूरच्या बाजारात
फक्त झाकणं विकणारा एक माणूस बसतो.
भांडं कुठं हरपते, म्हणतो,
हरपते ते झाकणच.
त्याच्यावर एक अंक निघाला.
तेंदूच्या पुड्यात सत्तर पानं.
बाया दिवसभर एकमेकींशी बोलत बांधतात,
सुनेचं, भावाचं, कोणाच्या लग्नातल्या भाजीचं,
आणि एकाहत्तरावं पान काही येत नाही.
त्याच्यावर दोन अंक झाले, तरी पुरले नाहीत.

मोबाइल उपड्या कॅनवर ठेवला
तरच रेंज येते.
का, ते अजून लिहिलेलं नाही.
लाइन गेली की अर्धं पत्र
कुठं जाऊन थांबतं, तेही नाही.
प्रमिला विचारते, याचे किती मिळतात?
मी म्हणतो, वाच ना.
ती वाचते. दुसऱ्या परिच्छेदात झोपते.
तेवढं मी शैलीबद्दल शिकलो.

एकेचाळीसावा अंक कवडू नेवारेवर.
गावची गुरं वळतो.
वासराला वेगळा आवाज, चुकारीला वेगळा,
आणि बोडीत शिरणाऱ्या म्हशीला
काठावरच थांबवायचा एक,
तो मला लिहिता येईना.
च लिहिला, ट्क लिहिला, त्च लिहिला,
कीबोर्डवर खालवर फिरलो,
एवढी मोठी बाराखडी
आणि म्हैस त्यात बसत नाही.
शेवटी लिहिलं:
जीभ टाळूला लावा, चिंच आठवा,
श्वास आत ओढा
आणि रागावू नका.

उत्तरं फारशी येत नाहीत.
या खेपेला एक आलं, यापुढे पाठवू नये.
एकशे पंधरा.
मग चार दिवसांनी दुसरं,
भुसावळहून, कुसुम फालक:

चौथ्या मजल्यावर राहते. मिक्सर बंद करून
करून पाहिला. पाचव्यांदा जमला.
खाली रस्त्यानं एक म्हैस चालली होती.
थांबली.
मागे सात रिक्षा आणि पाण्याचा टँकर.
आता तिला चालवायचं कसं
ते त्वरित कळवावे.

हे मी वाचलं भर दुपारी,
मेल येऊन तीन तास झाले होते.
तरी सायकल काढली.
कवडू बोडीच्या पाळीवर, येनाखाली,
टॉवेल तोंडावर घेऊन.
सगळं सांगितलं. भुसावळ कुठं, तेही सांगितलं.
तो उठून बसला.
पहिल्यांदाच विचारलं त्यानं,
"कोनी वाचते त मंग?"
वाचतात, म्हटलं. एकशे पंधरा.
"इतकी त गावात ढोरं नाही."
मग बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला,
नुसती शिंगं दिसत होती, आणि एक बगळा.
"चालवाचा आवाज नसते बाबू.
थांबोलं, त आपल्यालेच
जवळ जा लागते."

बेचाळीसावा अंक काल रात्री गेला.
विषय दुसराच होता, कुलपं.
पण वर आधी हे टाकलं:

दुरुस्ती. मागच्या अंकात
आवाज दिला होता, पुढचं राहून गेलं.
फालकबाई, चार जिने उतरून
तिच्या उजव्या बाजूनं जावं,
पाठीवर हात ठेवावा.
ती गेली असेल तर
राहू द्यावं.